पाळण्यातलं शेंदरी बाळ

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. हिच्यात देवाचं नाव आहे, झांज आहे, बुक्का आहे, आणि जन्माच्या कीर्तनात असतं तसं एक लेकरू आहे. पण कीर्तनात लेकरू पाळण्यात पडलं की आपण गुलाल उधळतो, सुंठवडा तोंडात टाकतो आणि चपला शोधायला लागतो. ही गोष्ट तिथून पुढं सुरू होते. गाव म्हणाल तर शारजा, आणि जिच्या मनात ही घडली ती मीनाक्षी राहते दुबईत, करामाला. तिच्या शेजारी बसल्यासारखे बसा, म्हणजे झालं.

कुणीतरी तिचं बोट धरलं, एवढंच झालं होतं. हनुमान जयंतीची पहाट. राजाभाऊंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मालकांच्या, व्हिलातल्या खालच्या हॉलमध्ये कीर्तन उभं होतं, आणि पुण्याहून मुद्दाम बोलावलेल्या संपदाताईंनी पूर्वरंग आटोपता घेऊन अंजनीची कथा लावली होती, कारण जन्म सूर्योदयालाच व्हायला हवा आणि इथला सूर्य कुणासाठी थांबत नाही. खिडकीच्या जाड पडद्याच्या कडेला पिवळी रेघ दिसली तशी ताईंनी झांज उचलली, गजर झाला, फुलं आणि गुलाल उडाला, गालिचा खराब होईल म्हणून आधीच प्लास्टिक अंथरलेलं होतं त्यावर तो सांडला, आणि राजाभाऊ स्वतः आतून लाल मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि त्यांनी ते पाळण्यात ठेवलं. पाळणा म्हणायचा मान मीनाक्षीचा. गेली कित्येक वर्षं तिचाच. कुंची घातलेला नारळ असेल, दरवर्षी नारळच असतो, अशा समजुतीनं तिनं एका हातात दोरी घेतली आणि कुंची जरा तिरपी झालीय म्हणून सारखी करायला वाकली, तर मखमलीतून एक हात वर आला. लांब, काळसर, सुरकुतलेला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा, आणि त्याच्या टोकाला तान्ह्या बाळाची बोटं. त्यांनी तिची तर्जनी धरली. आणि मग कुंचीखालून दोन डोळे तिच्याकडं बघायला लागले, भोवती फिकट वर्तुळं असलेले, पाणीदार, कसलीही घाई नसलेले. मागं बायका पाळण्याच्या पहिल्या ओळीची वाट बघत थांबल्या होत्या. पेटी एक सूर धरून होती. मीनाक्षी ओरडली नाही, मागं सरली नाही. गळ्यात कीर्तन भिनलेली बाई करील तेच तिनं केलं. सूर लागला होता म्हणून ती गायला लागली.

गाताना तिला दोनदा ठसका लागला. चार-पाच दिवस सर्दी होती. एसी घरात, एसी गाडीत, आणि मधे भट्टीसारखी हवा, या दिवसांत होतेच तशी. आवाज बसू नये म्हणून ती आलं-लवंग चघळून आली होती. ठसका लागला तेव्हा तिनं तोंड फिरवायला हवं होतं, पण बोट अडकलेलं होतं, मान कुठं आणि किती फिरवणार. ते लेकरू तिच्या ओठांकडं बघत होतं. ओठ मिटले की तेही आपले मिटायचं, ओठ उघडले की तेही आपले जरासे उघडायचं. त्याचे केस विरळ, उभे राहिलेले आणि शेंदराच्या रंगाचे होते, लावलेला शेंदूर नव्हे, मुळातूनच तसे, आणि त्या पहाटे हॉलमधल्या प्रत्येकाला वाटलं तेच तिलाही वाटलं: आता याहून वेगळी खूण काय हवी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लबाडीचं नव्हतं ते पाणी, बरं का. कुणाचंच नव्हतं.

मग दर्शनाची रांग लागली. प्रत्येकानं पायांना हात लावला, आणि पायही हातासारखेच बोटांना धरायचे तेव्हा माणसं हसायची, ‘सोडत नाहीत, सोडत नाहीत देवा’ म्हणायची. राजाभाऊ पाळण्याशेजारी उभं राहून पुन्हा पुन्हा सांगत होते की सुमात्राकडची पार्टी, पामतेल पाठवते ती, अशी साधीसुधी नाही, घरोबा झालाय, त्यांनीच बोटीवरून प्रेमानं धाडला, आणि नेमका चैत्रात आला, म्हणजे बोलावून आल्यासारखाच. कुणीतरी हळूच म्हणालं, पण शेपूट कुठाय? यावर राजाभाऊ न डगमगता म्हणाले, ‘अहो लहान आहेत अजून, येईल की.’ हशा पिकला. एका काकूंनी कपाळावर तेल-शेंदराचं बोट ओढलं. सुंठवड्याची चिमूट ओठांना लागली, एकाची, मग दुसऱ्याची, मग सगळ्यांचीच. ते तोंड वाकडं करत होतं, पण रडत नव्हतं. त्या सबंध गलक्यात ते एकदाही रडलं नाही, आणि घरी परतताना मीनाक्षीच्या मनात तेवढंच राहिलं, बुक्क्याचा वास नाही, ताईंचा आवाज नाही. एवढी माणसं, एवढे हात, आणि तान्हं रडत नाही म्हणजे काय?

गाडी जगन्नाथ चालवत होता, तिचा नवरा. राजाभाऊंच्या हमरिया फ्री झोनमधल्या फर्ममध्ये तो बोटीवरून आलेलं पामतेल उतरवून टाक्यांत भरण्याचं काम बघायचा. तरुणपणी आला होता, आता केस पांढरे झाले होते, आणि तिघांचाही इथला मुक्काम त्या एका नोकरीला टांगलेला होता. मागच्या सीटवरून ईशानीनं, त्यांच्या मुलीनं, फोनमधलं डोकं वर न काढता म्हटलं, ‘आई, दॅट्स अ बेबी ओरांगउटान. इट्स नॉट इव्हन अ मंकी. अँड इट्स टोटली इल्लीगल, यू नो दॅट, राइट?’ जगन्नाथनं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की लोकांच्या घरचं देवाचं कार्य असतं, त्यावर असं बोलायचं नसतं. मग थोड्या वेळानं, विषय नसताना, मीनाक्षीला म्हणाला की पाळणा छान झाला. ती बोटाकडं बघत होती. काही लागलं नव्हतं, वळ नव्हता. पण दाब अजून होता. अंगठी काढल्यावरही बोटाला ती असल्यासारखी वाटते तसा. तिनं दुसऱ्या हातानं ते बोट झाकून घेतलं, आणि तिला ईशानी आठवली, जन्मल्या दिवसातली. दिवस भरायच्या आधी आलेली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवलेली. पेटीला गोल भोक होतं, त्यातून हात घालायची परवानगी मिळाली होती, पण त्याआधी नर्सनं कोपरापर्यंत हात धुवायला लावले होते, परत धुवायला लावले होते, तोंडाला कपडा बांधायला लावला होता, आणि मीनाक्षीला शिंक येईलसं वाटलं तेव्हा तिला हाताला धरून खोलीच्या बाहेर काढलं होतं. तेव्हा राग आला होता. आईच आहे मी, असं ती म्हणाली होती. गाडी पुलावरून खाली उतरली, उजवीकडं खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं, आणि तिच्या नाकात, घशात, पुन्हा तोच ठसका चढून आला. तो तिनं दाबून धरला, जणू आता दाबून काही उपयोग होता.

त्यानंतरचे दिवस ती घरात काम करत होती आणि काम करताना कानोसा घेत होती, कशाचा ते तिला माहीत नव्हतं. गॅसवर कढई ठेवली की तेलाचा डबा उचलायचा, आणि डब्यावरचं तांबड्या फळांच्या घडाचं चित्र, वर्षानुवर्षं ज्याच्याकडं लक्ष गेलं नव्हतं, ते त्या केसांच्याच रंगाचं दिसायचं. तिची सर्दी बरी झाली. आणि बरी झाली त्याच दिवशी छायावहिनींचा, राजाभाऊंच्या पत्नीचा, व्हॉइस मेसेज आला. आवाज खालचा, दारामागून बोलल्यासारखा: मारुतराय दूध घेत नाहीत, नाक वाहतंय, रात्रभर छातीत घरघर करतात, मीना, तू येऊन पाळणा म्हण, तुझा आवाज ओळखतात ते. ‘ओळखतात’ हा शब्द मीनाक्षीला एखादा थंड थेंब मानेवर पडल्यासारखा वाटला. तिनं तो मेसेज दुसऱ्यांदा ऐकला नाही.

व्हिलाच्या वरच्या मजल्यावर एक खोली त्याला दिली होती. पडदे ओढलेले, एसी बारीक गुरगुरत असलेला, भिंतीवर मारुतीची तसबीर आणि खाली समई, आणि उदबत्तीच्या वासाखाली दुसरा वास, आंबट दुधाचा आणि ओल्या लंगोटाचा. लेकरू पलंगाच्या कोपऱ्यात एका उशीला मिठी मारून होतं. हातांनी आणि पायांनी, चारीही बाजूंनी, जसं काही खाली दरी आहे. मीनाक्षी बसली तशी ते उशी सोडून तिच्याकडं आलं, सोडून म्हणजे एक हात सोडून, मग दुसरा, कधीही सगळे एकदम नाहीत, आणि तिच्या पोटाशी चिकटलं. अंग तापलेलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि ठसका दिला, मग जरा थांबून परत दिला, आणि मीनाक्षीला तो ओळखू आला. तिचाच होता तो. कोरडा, अखेरीला वर चढणारा, तिची आई ज्याला कोल्हा म्हणायची तसला. आपली हाक दुसऱ्याच्या घरातून ऐकू यावी तसा तो त्या इवल्या छातीतून बाहेर आला. ती गायली. दुसऱ्या कडव्यावर तिला शब्द आठवेनात, जन्मभर म्हटलेले शब्द, म्हणून ती नुसता सूर धरून बसली. छायावहिनी दारात उभ्या होत्या. मीनाक्षीनं विचारलं, डॉक्टर? छायावहिनी म्हणाल्या, ‘कुठला डॉक्टर बोलवू गं? आला की विचारणार, हे कुठून आणलं.’ राजाभाऊ अंगारा लावतात, हळदीचं दूध देतात, म्हणतात देवाचं देव बघून घेईल. निघताना त्याची बोटं सोडवावी लागली. एकेक. एक सुटलं की आधीचं परत धरायचं. छायावहिनींना त्याची सवय होती. त्या पटपट, भाजी निवडल्यासारखी, ती बोटं सोडवत गेल्या, आणि मीनाक्षीला ते पाहवेना म्हणून ती तसबिरीकडं बघत राहिली, तर तिथंही तेच डोळे.

तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जुलेखा राहायची. दापोलीकडची, जनावरांची डॉक्टर, कामाला एका निवारा केंद्रात, जिथं इथल्या हौशी घरांतून सोडवलेले ससाणे, माकडं आणली जायची, एकदा तर चित्त्याची पिल्लं आली होती. मीनाक्षीनं तिला लिफ्टजवळ गाठलं आणि एका ओळखीच्या घरी असं असं आहे, असं सांगायला सुरुवात केली, आणि जुलेखाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलेलं तिला दिसलं. जुलेखानं घराचं नाव विचारलं नाही. तिनं ताप किती, श्वास कसा, तेवढं विचारलं, मग हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. सांगितलं की आपली साधी सर्दी यांना साधी नसते, छातीत उतरते, आणि इतक्या लहान जिवाला वेळ फार देत नाही. मग मीनाक्षीनं तिला जे विचारलं ते विचारायला नको होतं असं तिला नंतर वाटत राहिलं. तिनं विचारलं की याची आई कुठं असेल. हे विचारताना तिच्या डोळ्यांपुढं एखादं प्राणिसंग्रहालय होतं, एखादी मोठी, शेंदरी, पिंजऱ्याशी बसलेली बाई.

जुलेखा म्हणाली, ‘मीनाताई, आई जिवंत असताना हे पोर हाताला लागत नाही. कित्येक वर्षं ते तिच्या अंगावरून खाली उतरतच नाही. म्हणून आधी तिला झाडावरून पाडतात. ती पडली तरी हे तिला धरूनच असतं. मग याची बोटं सोडवतात.’

लिफ्टचं दार उघडलं, कुणीच नव्हतं आत, ते मिटलं. जुलेखा पुढं काही सांगत होती, जंगल तोडून तेलाच्या झाडांच्या बागा लावतात तेव्हा हे जीव उघड्यावर पडतात, कडेकडेनं वावरतात, आणि तिथंच पकडणारे टपलेले असतात, असं. मीनाक्षी आपलीच तर्जनी मुठीत धरून ऐकत होती. बोटं सोडवतात. एकेक. मेलेल्या आईच्या केसांतून. हॉलमध्ये माणसं हसली होती, सोडत नाहीत देवा. तिनं विचारलं की आणून दिलं तर? जुलेखानं लपवलं नाही. म्हणाली की आणून दे, आत्ता दे, पण मला वर कळवावं लागेल आणि कुठून आलं ते सांगावं लागेल. इथं कायदा कडक आहे, ज्याच्या घरी होतं त्याला जाब द्यावा लागेल, इन्शाल्ला तुझ्यावर काही येणार नाही. मीनाक्षीच्या मनात आलं, माझ्यावर येण्यासारखं आहे ते तुझ्या कायद्यात नसेलच.

संध्याकाळी तिनं जगन्नाथला सगळं सांगितलं. तो चहाचा कप धरून ऐकत होता, कप तोंडाशी नेत नव्हता. तो वाईट माणूस नाही, आजही नाही. तो म्हणाला, ‘मी आता बाहेर पडलो तर कोण घेणार मला? ईशानीचं शेवटचं वर्ष आहे. राजाभाऊंनी आपल्या पडत्या काळात काय केलं ते तू विसरलीस?’ ती विसरली नव्हती. तिनं विचारलं की ते तेल येतं त्या जागी आधी काय होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘आम्ही फक्त उतरवून घेतो गं.’ मग उठून देवापुढं दिवा लावायला गेला, आणि लावून परत येईना. ती स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होती. घरात इतकी शांतता होती की शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज भिंतीतून येत होता, आणि त्या आवाजाखाली तिला घरघर ऐकू येत होती.

आणि मग तिनं आपल्यातली बाई करील तीच चूक केली. ज्या घरचा प्रसाद खाल्ला त्या घराच्या पाठीमागून काही करायचं नाही, तोंडावर सांगायचं, हे तिच्या हाडांत होतं. तिनं सकाळी छायावहिनींना फोन करून मोकळेपणानं सांगितलं, की वहिनी, तो आजारी आहे, माझ्यामुळं झालाय, त्याला दवाखान्यात देऊ या, राजाभाऊंना तुम्ही समजावून सांगा. छायावहिनी ‘बघते’ म्हणाल्या. जेवणवेळेच्या आधी त्यांचा परत मेसेज आला, या खेपेला कुजबुजत: हे म्हणतात खलास, घरात ठेवायचाच नाही, वाळवंटातल्या फार्महाउसवाल्या कुणा दोस्ताला देतायत, दुपारी गाडी येते, तुला भेटायचं असेल तर ये. सांगून टाकण्यात आपण चांगुलपणा समजलो. आता त्या पोराला कुठल्याशा वाळूतल्या शेडमध्ये नेतील, आणि तो तिथं कुणाला तरी धरून बसेल, आणि कुणी धरायला नसेल तर खांबाला. तिनं खाली जाऊन जुलेखाचं दार वाजवलं. त्यांची गाडी शारजाच्या रस्त्याला लागली तेव्हा समोरचं आभाळ धुळीनं पांढरं झालं होतं आणि सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं.

जुलेखा फाटकाबाहेर गाडीत थांबली. आत जायचा तिला अधिकार नव्हता. मीनाक्षी एकटीच वर गेली. खोलीत मांजराला न्यायचा प्लास्टिकचा पिंजरा उघडा ठेवलेला होता, आत एक टॉवेल. समई विझलेली. लेकरू उशीवर होतं, डोळे अर्धे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि तिला पाहिल्यावर त्यानं फक्त एक हात लांब केला. तिनं त्याला उचललं. ते तिच्या पोटाशी आलं आणि पदर, ब्लाउज, गळ्यातली पोत, हाताला लागलं ते सगळं त्यानं धरलं. ती बसून राहिली. गाणं म्हणावंसं वाटलं, पण तिनं तोंड मिटूनच ठेवलं. श्वाससुद्धा ती बाजूला मान करून सोडत होती. थोड्या वेळानं छायावहिनी आल्या, आणि त्यांच्यामागून राजाभाऊ. पांढरा झब्बा, कपाळावर बुक्का, रात्रभर झोपले नसावेत. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि भीतीखाली दुसरंही काही होतं. परवापर्यंत ते याच पलंगाशी बसून स्तोत्र म्हणत असत हे तिला माहीत होतं.

‘वहिनी, सोडवा त्याला,’ ते म्हणाले. ‘गाडी येईल आता.’

मीनाक्षीनं त्याच्या पहिल्या बोटावर आपलं बोट ठेवलं. नख काळं, इवलंसं, माणसाच्या नखासारखंच. जरासं उचलायचं होतं. तिनं ते उचललं नाही.

‘सुटत नाही, राजाभाऊ,’ ती म्हणाली.

छायावहिनी पुढं आल्या, सवयीनं. त्यांनीही एका बोटाला हात घातला, मग मीनाक्षीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि काय दिसलं त्यांना कोण जाणे, हात मागं घेतला. मीनाक्षी उठली. त्याचं वजन असं काहीच नव्हतं, वाजवायच्या पेटीएवढंही नाही. ती दाराकडं चालायला लागली तेव्हा राजाभाऊ वाटेत होते. ते हलक्या आवाजात, जवळच्या माणसासारखं म्हणाले, ‘जगन्नाथचा विचार करा.’

तिनं केला. त्या दोन पावलांत तिनं सगळा विचार केला, जगन्नाथची वाकलेली पाठ, ईशानीची शाळा, करामाचं ते दोन खोल्यांचं घर, भाजीवाल्या मोहिद्दीनची रोजची हाक, इथं घालवलेलं अख्खं आयुष्य. ते सगळं तिच्यासमोर आलं आणि एकही गोष्ट खोटी नव्हती. पोटाशी घरघर चालू होती. ती राजाभाऊंच्या इतकी जवळ गेली की त्यांना एकतर बाजूला व्हायला हवं होतं किंवा त्या लेकराला हात घालून ओढायला हवं होतं. त्यांनी हात वर केले खरे. मग ते हात मधेच एकमेकांना लागले, जोडले गेले, आपोआप, देव दारातून जाताना जोडले जातात तसे, आणि ते भिंतीशी सरले. छायावहिनींनी जिन्यात तिच्या खांद्यावरून एक पंचा पांघरला, बाहेर ऊन आहे म्हणून.

पुढचं थोडकंच आहे. केंद्रात त्याला प्राणवायू लावला. बरेच दिवस जुलेखा लिफ्टमध्ये भेटली की नुसती मान हलवायची, आणि त्या हलण्यावरून मीनाक्षी दिवस कसा जाणार ते ठरवायची. मग एके दिवशी जुलेखानं सांगितलं की ताप उतरला, केळं सोलून खाल्लं. मीनाक्षीनं एकदा, एकदाच, दुरून काचेतून पाहिलं. मास्क लावलेल्या बाईच्या हातावर तो होता आणि तिच्या हातमोज्याचा वास घेत होता. आत जाऊ का, असं ती म्हणाली. जुलेखा म्हणाली नाही. आता त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याला नाव ठेवलेलं नाही, गाणं तर अजिबात नाही. कागद झाले की त्याला सुमात्राला नेतील, तिथं जंगलातली शाळा असते, झाडावर चढणं, फांद्या मोडून घरटं करणं, कुठलं फळ खायचं ते, सगळं शिकवायला आईच्या जागी माणसं असतात, आणि त्यांनाही शेवटी शिकवायचं असतं ते हेच, की माणसाजवळ जायचं नाही. ‘त्यानं तुला विसरायला हवं, मीनाताई. तुझा आवाज जितका लवकर विसरेल तितकं बरं.’ मीनाक्षीला वाटलं, बरोबर आहे. मग बसस्टॉपवर उभी असताना तिला रडू फुटलं.

राजाभाऊंच्या घरी सरकारी साहेबलोक येऊन गेले, विचारपूस चालू आहे. मंडळाचं पुढचं कीर्तन कुठं व्हायचं ते कुणी कळवलेलं नाही, निदान मीनाक्षीला तरी नाही. जगन्नाथ अजून रोज हमरियाला जातो. कुणी काही बोलत नाही तिथं. चहा आणून ठेवतात आणि निघून जातात. तो घरी येतो, बूट काढतो, आणि तिला सांगतो की आज पण काही झालं नाही, आणि दोघंही त्या ‘आज पण’कडं बघत बसतात. एका संध्याकाळी ईशानीनं फोनवर सुमात्राचं बेट उघडून दाखवलं, वरून दिसतं तसं. हिरवंगार होतं. मीनाक्षी म्हणाली, केवढं जंगल आहे. ईशानी म्हणाली, ‘दॅट्स नॉट फॉरेस्ट, आई. लुक क्लोजर.’ तिनं बोटांनी चित्र मोठं केलं, आणि हिरव्यात रेषा दिसायला लागल्या, विंचरल्यासारख्या, एकसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी तेलाची झाडं. ईशानी चित्र सरकवत राहिली, सरकवत राहिली, आणि कितीतरी वेळानं एक गडद, वेडावाकडा ठिपका आला, ज्यात रेषा नव्हत्या. ‘धिस बिट,’ ती म्हणाली. त्याच्या कडेनं कुणीतरी पिवळट रस्ता आखायला घेतला होता. जगन्नाथनं चष्मा वर करून पाहिलं आणि चष्मा परत डोळ्यांवर न घेता तसाच बसून राहिला.

तर असं आहे. ते लेकरू आपल्याला विसरेल, विसरूच द्या. पण त्याची आई, जी त्याला आठवेल की नाही हे जुलेखालाही सांगता आलं नाही, तिचं काय करायचं? तिला नाव नव्हतं, तिचं चित्र कुणापाशी नाही, तिच्या नावानं कुणी दिवा लावला नाही. झोपायच्या आधी देवाचं नाव घेता ना, त्याच्या जोडीला तिला एकदा घेत जा. उंच झाडावर पानांत बसली होती, पोटाशी पोर होतं, आणि खालून कुणीतरी नेम धरला होता. दोन्ही हात मोकळे असते तर तिला वर चढून निसटता आलं असतं. एक हात तिनं पोराभोवतीच ठेवला. तिची आठवण ठेवा.